धावत्या गाडीचा पत्ता

घरी वायफायवर व्हिडिओ कॉल चालू असतो. बोलता बोलता आपण चपला सरकवतो, जिना उतरतो आणि फाटकाबाहेर पडतो, तोच पलीकडचा चेहरा गोठतो. आवाज तुटतो, स्क्रीनवर चक्र फिरू लागतं आणि पाच-सात सेकंदांनी संभाषण मागच्या पानावरून पुढे सुरू होतं. मोबाइलला फुल रेंज असूनही.

आता मुंबईहून पुणे, सोलापूर, रायचूर, गुंतकल करत चेन्नईला निघालेल्या गाडीत बसू. अरक्कोणम मागे पडलं, चेन्नई सत्तरएक किलोमीटरवर आली. गाडीचा वेग ताशी ११० किलोमीटर आणि एका टॉवरचा पट्टा दोन किलोमीटर धरला, तर साधारण दर ६५ सेकंदांनी फोन नव्या टॉवरच्या ताब्यात जातो. रुळालगत टॉवरांची साखळी अखंड असेल, तर कॉल मात्र चालूच राहतो. पन्नास पावलांत तुटणारा कॉल सत्तर किलोमीटर धावून कसा टिकतो? एका माणसाच्या फोनचं सोडा. अख्ख्या डब्याला वायफाय पुरवणारा एकच राउटर असेल, तर सगळ्या प्रवाशांची जोडणी तो कशी सांभाळतो?

पत्त्याची दोन कामं

इंटरनेटवरच्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता लागतो. या पत्त्याकडून आपण दोन कामं करून घेतो: ‘मी कोण’ हे सांगणं आणि ‘मी कुठे’ हे सांगणं. संगणक टेबलावरून हलत नव्हता तोवर दोन्ही कामं एकाच पत्त्यावर भागत होती. उपकरण फिरू लागलं की दोहोंचं पटेनासं होतं. ‘कुठे’ बदललं म्हणून पत्ता बदलावा लागतो आणि पत्ता बदलला की समोरच्याच्या लेखी ‘कोण’सुद्धा बदलतं.

फाटकाबाहेर हेच घडतं. घरातला पत्ता ब्रॉडबँड कंपनीचा, बाहेरचा मोबाइल कंपनीचा. पलीकडच्या सर्व्हरच्या नोंदीत जुना पत्ता असतो, त्यामुळे नव्या पत्त्यावरून आलेली माहिती त्याला तिऱ्हाइताची वाटते. मग अ‍ॅप नवा पत्ता कळवून जोडणी नव्याने बांधतं. ती पाच-सात सेकंदं यातच जातात.

गाडीत टॉवर बदलतात, पत्ता बदलत नाही, कारण पत्ता टॉवर देतच नाही. तो देतो मोबाइल कंपनीच्या जाळ्यात खोल आत बसलेला गेटवे. तुमच्या माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट्स, टॉवर दुसऱ्या वेष्टनात गुंडाळून गेटवेकडे धाडतो. अशा गुंडाळून नेण्याच्या वाटेला टनेल म्हणतात. टॉवर बदलला की गेटवेला एवढंच कळवलं जातं की आता अमुक टॉवरकडे पाठव. दरम्यान जुन्या टॉवरवर येऊन पडलेली पॅकेट्स तो टॉवर परस्पर नव्याकडे सरकवतो. बाहेरच्या जगाला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी तुम्ही गेटवेपाशी ठाण मांडून बसलेले असता.

दूरसंचार सर्कलची हद्द ओलांडताना मात्र फोन दुसऱ्या जाळ्यात नाव नोंदवतो आणि सत्र नव्याने सुरू होऊ शकतं. महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना नेट क्षणभर अडखळतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

नारायणगावची राहुटी

जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशा पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. समजा, फड सध्या दौऱ्यावर आहे. आज तो कुठल्या गावी आहे हे सुपारी देणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही, राहुटीत बसलेल्या माणसाला ठाऊक असलं म्हणजे झालं. मुक्काम हलला की फडाचा मॅनेजर राहुटीला कळवतो आणि राहुटीत आलेला निरोप त्या मुक्कामी पोचतो. ढोलकीवाल्याला किंवा सोंगाड्याला आपापला पत्ता कुणाला कळवत बसावं लागत नाही.

डब्यातल्या राउटरची व्यवस्था अशीच आहे. राउटर हा फडाचा मॅनेजर आणि प्रवाशांचे फोन-लॅपटॉप म्हणजे कलावंत. राहुटीच्या जागी असतो कुठल्याशा शहरात कायमचा बसवलेला एक संगणक. त्याला होम एजंट म्हणतात. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने एकट्या फिरत्या उपकरणासाठीचे नियम जून २००४ मध्ये आणि फिरत्या राउटरसाठीचे नियम जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. या दुसऱ्या नियमावलीचं नाव ‘नेटवर्क मोबिलिटी’, थोडक्यात ‘नेमो’. तिचं वैशिष्ट्य असं की प्रवाशाच्या फोनमध्ये काडीचाही बदल करावा लागत नाही. आपण हललो आहोत याचा त्याला पत्ताच नसतो.

मुक्काम हलतो तेव्हा

आपल्या गाडीच्या राउटरचा होम एजंट मुंबईत आहे असं धरू. गाडी अरक्कोणम सोडून नव्या जाळ्यात शिरते तेव्हा काय होतं, ते पायरी पायरीने पाहू.

१. चाहूल: प्रत्येक जाळं ठरावीक वेळाने ‘मी इथे आहे’ अशी दवंडी पिटत असतं. राउटरला ती नवी दवंडी ऐकू येते आणि जुनी बंद झाल्याचं लक्षात येतं.

२. मुक्कामाचा पत्ता: राउटर नव्या जाळ्यातला तात्पुरता पत्ता घेतो. प्रवाशांना दिलेले पत्ते मात्र मुंबईच्या कायमच्या संचातलेच राहतात.

३. खबर: राउटर मुंबईला कळवतो की मी सध्या इथे आहे आणि अमुक सगळे पत्ते माझ्यासोबत आहेत. ही खबर सुरक्षित असते, तोतयाला ती देता येत नाही.

४. पोच: होम एजंट नोंद करून पोच देतो. नोंदीला मुदत असते. मुदत संपण्याआधी ती नव्याने करावी लागते, नाहीतर एजंट निरोप पाठवणं थांबवतो.

५. टनेल: प्रवाशांसाठी मुंबईत आलेलं प्रत्येक पॅकेट एजंट वेष्टनात घालून, वर मुक्कामाचा पत्ता टाकून गाडीकडे पाठवतो. राउटर वेष्टन सोडतो आणि पॅकेट ज्याचं त्याच्या हवाली करतो.

पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत जो वेळ जातो तेवढ्यात पॅकेट्स हरवू शकतात. उपाय असा की जुनी जोडणी तोडण्याआधी नवी बांधायची. त्यासाठी राउटरमध्ये एकाहून अधिक सिमकार्डं बसवतात आणि एक जोडणी क्षीण होऊ लागली की दुसरीवर भार टाकतात. एकाच राउटरला एका वेळी अनेक मुक्कामाचे पत्ते नोंदवता यावेत यासाठी २००९ मध्ये वेगळा नियम आला.

चेन्नईहून चेन्नईला, व्हाया मुंबई

इथवर सगळं सुरळीत आहे. आता गाडीतल्या एका प्रवाशाने चेन्नईतल्याच एका सर्व्हरवरचं पान उघडलं. सर्व्हर त्याच्यापासून तीसएक किलोमीटरवर आहे. तरी त्याची विनंती टनेलमधून मुंबईला जाते, तिथून चेन्नईला येते आणि उत्तरही त्याच मार्गाने फिरून येतं.

जाताना तरी थेट का जाऊ नये? कारण प्रवाशाचा पत्ता मुंबईचा आहे. खोट्या पत्त्यांचा वापर रोखण्यासाठी अनेक जाळी आपल्याकडचा नसलेला पत्ता लावून निघालेलं पॅकेट दारातच टाकून देतात. मुंबईचा पत्ता सांगणाऱ्याला मुंबईच्या दारानेच बाहेर पडावं लागतं.

या वळशाची किंमत मोजता येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई–चेन्नई वाट १,३०० किलोमीटरची धरली, तर एका बाजूला साडेसहा मिलिसेकंद. गाडीतून मुंबई आणि मुंबईहून सर्व्हर मिळून १३, उत्तरासह २६. थेट वाटेवर तंतूतला हा वेळ एक मिलिसेकंदही भरत नाही. आवाजाच्या संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर सहसा खटकत नाही, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. म्हणजे मुंबईचा वळसा पचतो. होम एजंट अमेरिकेत असेल तर नुसत्या जाण्यायेण्यातच ही मर्यादा ओलांडली जाते.

परदेशी रोमिंगमध्ये हा वळसा अनेकांनी नकळत अनुभवलेला असतो. भारतीय सिमकार्ड घेऊन सिंगापूरला गेलेल्या माणसाचा डेटा बहुतेक वेळा भारतातल्या गेटवेपर्यंत येतो आणि मग जगात जातो. चेन्नई आणि सिंगापूर यांना जोडणारी समुद्राखालची केबल २००२ मध्ये सुरू झाली. तिची लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर आहे. गेटवे अगदी चेन्नईत धरला, तरी सिंगापूरमधल्या माणसाने सिंगापूरचाच नकाशा उघडला की विनंती आणि उत्तर मिळून केबलमध्येच ६४ मिलिसेकंद जातात.

देशातल्या देशातही पूर्वी असंच व्हायचं. एका भारतीय कंपनीच्या ग्राहकाचा ईमेल दुसऱ्या भारतीय कंपनीच्या ग्राहकाला परदेशातून फिरून मिळायचा, कारण दोन्ही कंपन्यांची गाठ तिकडेच पडायची. त्यावर उपाय म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही इंटरनेट एक्स्चेंजची व्यवस्था उभी राहिली आणि चेन्नईतही तिचं केंद्र आलं. ती झाली स्थिर जाळ्यांची सोय. फिरत्या राउटरचं काय?

जवळची वाट आणि विश्वासाचा प्रश्न

सरळ उपाय असा की राउटरने चेन्नईच्या सर्व्हरलाच आपला मुक्काम कळवावा आणि पुढची देवाणघेवाण परस्पर व्हावी. याला मार्ग-सुधारणा म्हणू. अडचण विश्वासाची आहे. राहुटीतला माणूस मॅनेजरला ओळखतो. दूरच्या गावचा सरपंच ओळखत नाही. ‘फडाची बिदागी यापुढे अमुक ठिकाणी पाठवा’ असा निरोप कुणा लबाडाने धाडला तर? इंटरनेटवर असा लबाड दुसऱ्याची माहिती आपल्याकडे वळवू शकतो किंवा नको असलेल्या पॅकेट्सचा लोंढा तिसऱ्याच कुणाच्या अंगावर सोडू शकतो.

२००४ च्या नियमांनी यावर एक युक्ती काढली. सरपंचाने एका नोटेचे दोन तुकडे करावेत, एक नारायणगावच्या राहुटीला पाठवावा, दुसरा सांगितलेल्या नव्या मुक्कामाला. दोन्ही तुकडे जो आणून दाखवेल तो राहुटीचाही माणूस आणि मुक्कामीही हजर, हे सिद्ध झालं. सर्व्हर असेच दोन सांकेतिक आकडे दोन वाटांनी पाठवतो. दोन्ही जुळवून तयार केलेली किल्ली लावल्याशिवाय तो नवा पत्ता स्वीकारत नाही. स्वीकारला तरी ही नोंद जास्तीत जास्त ४२० सेकंद टिकते. दर सात मिनिटांनी परीक्षा नव्याने द्यायची.

एकट्या फोनला हे जमतं. राउटरपाशी गाडं अडतं. दोन तुकड्यांची परीक्षा एका पत्त्यापुरती असते. मॅनेजर हजर आहे म्हणून अख्खा फड त्याच्याबरोबर आहे, असं सिद्ध होत नाही. शिवाय ५०० प्रवाशांच्या गाडीत प्रत्येकाच्या दहा जोडण्या धरल्या, तर जाळं बदलताच राउटरला ५,००० ठिकाणी खबर द्यावी लागेल आणि तेवढ्या परीक्षा द्याव्या लागतील. गाडी कुठे आहे, हेही त्या साऱ्या ठिकाणी कळेल. म्हणून २००५ च्या मूळ ‘नेमो’त मार्ग-सुधारणा मुद्दाम ठेवलीच नाही. २००७ मध्ये आयईटीएफने या अडचणींची रीतसर मांडणी केली, पण सर्वांनी मान्य करावा असा एकच तोडगा पुढे आला नाही.

फडात फड

गुंता इथे संपत नाही. गाडीतल्या प्रवाशाकडे स्वतःचा फिरता राउटर असेल आणि त्याचा होम एजंट पुण्यात असेल, तर? चेन्नईच्या सर्व्हरकडून निघालेलं पॅकेट आधी पुण्याला जाईल. पुण्याचा एजंट म्हणेल, हा सध्या त्या गाडीत आहे आणि गाडीचा पत्ता मुंबईचा. मग मुंबई, आणि मुंबईहून पुन्हा चेन्नईकडे येणारी गाडी. पॅकेटचा अक्षरशः फुटबॉल होतो.

प्रत्येक एजंट आपलं वेष्टनही चढवतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत असं एक वेष्टन ४० बाइटचं असतं. आवाजाच्या एका पॅकेटमध्ये प्रत्यक्ष आवाज पुष्कळदा १०० बाइटहूनही कमी असतो. त्यावर ८० बाइटची दोन वेष्टनं, म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

इतरांनी काय केलं

विमानांसाठी बोइंग कंपनीने वेगळी वाट धरली होती. तिच्या ‘कनेक्शन’ या इंटरनेट सेवेत प्रत्येक विमानाला पत्त्यांचा स्वतंत्र संच होता. विमान एका भूकेंद्राच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत गेलं की तो संच आता इथून मिळेल, अशी घोषणा जगभरच्या मुख्य राउटरांना व्हायची. वळसा नाही, वेष्टन नाही. पण प्रत्येक हालचाल साऱ्या जगाला सांगायची हे थोड्या विमानांना परवडतं, प्रत्येक बस आणि गाडी तसं करू लागली तर जगाचा कारभार ठप्प होईल. मुख्य राउटरांच्या यादीत आजच नऊ लाखांहून अधिक नोंदी आहेत. बोइंगची ही सेवा २००६ मध्ये बंद पडली. कारण तांत्रिक नव्हतं, धंदा जमला नाही.

मोबाइल कंपन्यांनी उलट बाजूने विचार केला: राउटर लांब गेला, तर राहुटीच जवळ आणा. ५जीच्या नियमांत गेटवे ग्राहकाच्या जवळ बसवता येतो आणि तीन पर्याय मिळतात: जुना गेटवे शेवटपर्यंत धरून ठेवणं, तो सोडून मग नवा घेणं किंवा आधी नवा जोडून मग जुना सोडणं. या क्षेत्रात चेन्नईचं स्वतःचं काम आहे. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने आठ संस्थांनी २२० कोटी रुपयांहून अधिक खर्चून उभारलेल्या ५जी चाचणी केंद्राचं उद्‌घाटन १७ मे २०२२ रोजी झालं. देशी कंपन्यांना आपली उपकरणं तिथे तपासून घेता येतात.

तिसरी वाट अ‍ॅप लिहिणाऱ्यांनी काढली. मे २०२१ मध्ये ‘क्विक’ हा नवा नियम अधिकृत झाला. त्यात प्रत्येक जोडणीला स्वतःचा क्रमांक असतो. पत्ता बदलला तरी सर्व्हर क्रमांकावरून ओळखतो, नव्या पत्त्यावर एक आव्हान पाठवून खात्री करतो आणि काम पुढे चालू ठेवतो. ‘कोण’ हे क्रमांकाने सांगायचं, ‘कुठे’ हे पत्त्याने. दोन कामांची अशी फारकत केली की होम एजंटही लागत नाही आणि वळसाही पडत नाही. अट एकच: दोन्ही टोकांना हा नियम समजला पाहिजे.

चौकट: थोडक्यात

• आयपी पत्ता ‘कोण’ आणि ‘कुठे’ दोन्ही सांगतो. फिरत्या उपकरणाची अडचण इथूनच सुरू होते.
• फिरता राउटर कायमचा पत्ता होम एजंटपाशी ठेवतो आणि मुक्कामाचा पत्ता त्याला कळवत राहतो.
• सगळी माहिती होम एजंटमार्फत गेली की जोडणी टिकते, पण वाट लांबते.
• जवळची वाट घ्यायची तर समोरच्याला आपली ओळख पटवावी लागते. एका फोनला ते सोपं, अख्ख्या डब्याला अवघड.
• गेटवे जवळ आणणं आणि जोडणीला स्वतःचा क्रमांक देणं हे आज चालणारे दोन तोडगे आहेत.

रेल्वेला आधी काय हवं

गाडीत राउटर कशाला, प्रत्येकाकडे फोन आहेच की, असं वाटेल. पण चेन्नईच्या पेरांबूर इथल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत, जिथे २०१८ मध्ये पहिली वंदे भारत तयार झाली, बनणारे वातानुकूलित डबे पोलादी आणि बंद खिडक्यांचे असतात. धातू रेडिओ लहरींना अडवतो. छतावर अँटेना लावलेल्या राउटरला बाहेरची रेंज आतल्या फोनपेक्षा कितीतरी चांगली मिळते आणि टॉवरलाही शेकडो फोनऐवजी एकाच ग्राहकाची उठाठेव करावी लागते.

धावत्या गाड्यांत इंटरनेट देण्याचा प्रयोग भारतीय रेल्वेने हावडा राजधानीत उपग्रहाच्या मदतीने करून पाहिला होता. खर्च परवडत नाही म्हणून ही योजना सोडून दिल्याचं रेल्वेमंत्र्यांनी २०२१ मध्ये लोकसभेत सांगितलं. राउटर कितीही हुशार असला तरी बाहेरच्या जोडणीवाचून त्याचं काही चालत नाही, हा त्यातला धडा.

मुंबई–चेन्नई मार्गावर आजची अडचण वाट लांब असण्याची नाही, वाट मधेच नाहीशी होण्याची आहे. बोरघाटातल्या बोगद्यांत आणि रायलसीमेतल्या विरळ वस्तीच्या पट्ट्यात होम एजंट मुंबईत असला काय नि चेन्नईत असला काय, सारखंच. तेव्हा आधी रुळालगत टॉवर आणि बोगद्यांत अँटेना हवेत, मग अनेक सिमांचा राउटर, आणि मार्ग-सुधारणा शेवटी. वाचकांनी मात्र एक गोष्ट आजच करावी. परदेशात गेल्यावर भारतीय सिम ओटीपीपुरतं चालू ठेवावं आणि इंटरनेटसाठी तिथलं स्थानिक सिम घ्यावं. पैसे तर वाचतीलच, शिवाय सिंगापूरचा नकाशा चेन्नईला वळसा न घालता सिंगापुरातूनच मिळेल.